एचओएचं बॅलट कसं भरायचं: आतलं पाकीट कोरं, बाहेरच्यावर सही

आमच्या टाउनहाउस कॉम्प्लेक्सच्या एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, बोर्ड इलेक्शनची मोजणी बघायला मी क्लबहाउसमध्ये गेले होते, आणि सुरुवातीलाच मतमोजणी करणाऱ्या इन्स्पेक्टरने पाकिटांचा एक गठ्ठा बाजूला काढून ठेवला. सही नाही म्हणून बाद. त्यात आमच्या शेजारच्या काकांचंही पाकीट होतं. बाहेर आल्यावर ते मला अगदी समाधानाने म्हणाले, "मी कुठेच नाव लिहिलं नाही गं, गुप्त मतदान आहे ना!" मला इतकं वाईट वाटलं, कारण त्यांचं मत उघडलंच गेलं नव्हतं. तेव्हापासून ठरवलं होतं की हे नीट लिहून काढायचं.

हे कॅलिफोर्नियात घर घेतलेल्या आपल्या मंडळींसाठी आहे, दुसऱ्या राज्यांत नियम वेगळे असतात, तिकडे जसंच्या तसं लावू नका. इथे एचओएंसाठी डेव्हिस-स्टर्लिंग कायदा आहे आणि त्यानुसार बोर्ड निवडणं किंवा काढणं, सीसी अँड आरसारख्या (कॉम्प्लेक्सच्या नियमांच्या) कागदपत्रांत बदल, ज्या असेसमेंटला (एचओए घरमालकांकडून घेते त्या वर्गणीला) कायद्याने सभासदांचं मत लागतं ती, कॉमन एरियाचा तुकडा एकाच घराला वापरायला देणं, हे सगळं गुप्त मतदानानेच करावं लागतं. आपल्याकडे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हात वर करून ठराव पास करायची सवय असते, पण या गोष्टींना इथे ते चालत नाही.

आता मुख्य भाग. मतदानाच्या शेवटच्या तारखेच्या किमान ३० दिवस आधी तुम्हाला एक बॅलट आणि दोन पाकिटं येतात. बॅलटवर फक्त खूण करायची, नाव नाही, सही नाही, पत्ता नाही, युनिट नंबरसुद्धा नाही, "मी याला मत दिलं कारण..." असं बाजूला लिहायचा मोह होतो काही जणांना, तेही नको, अक्षर ओळखू येतं. ते बॅलट पहिल्या पाकिटात घालून चिकटवायचं, हे पाकीट बाहेरून पूर्ण कोरं राहिलं पाहिजे. मग हे बंद पाकीट दुसऱ्या पाकिटात घालायचं, तेही चिकटवायचं, आणि या बाहेरच्या पाकिटाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यात तुमचं नाव, पत्ता किंवा युनिट नंबर आणि सही. काकांचं इथेच चुकलं. बाहेरच्या सहीवरून इन्स्पेक्टर यादीत टिक करतो की या घराचं मत आलं, मग आतलं कोरं पाकीट बाहेर काढून बाकीच्यांत मिसळतात, आणि त्या क्षणाला तुमचं नाव आणि तुमचं मत यांची कायमची ताटातूट होते. म्हणजे सहीमुळे गुप्तता जात नाही, उलट सही आहे म्हणूनच तुमचं मत कोऱ्या पाकिटात बिनधास्त मोजता येतं.

एक गोष्ट मात्र माहीत असू द्या, तुम्ही *मत दिलं की नाही* हे गुप्त नसतं. सही केलेली बाहेरची पाकिटं नंतर सभासदांना बघायला मिळू शकतात, त्यांची कॉपी काढता येत नाही पण बघता येतात. तुम्ही *कोणाला* दिलं ते कळत नाही.

आणि पाकीट कुणाच्या हातात द्यायचं याकडे प्लीज लक्ष द्या. बोर्डातला कोणी ओळखीचा दारात येऊन म्हणाला की "द्या इकडे, मी टाकतो", तर गोड हसून नाही म्हणा, माणूस कितीही चांगला असला तरी. बॅलट सांभाळायचं काम इन्स्पेक्टरचं असतं. हे इन्स्पेक्टर १ किंवा ३ असतात, ते बोर्डातले नसतात, उमेदवार नसतात, त्यांचे नातेवाईकही नसतात, आणि २०२० पासून एचओएचं दुसरं पगारी काम करणारी कंपनीही चालत नाही, म्हणजे तुमची मॅनेजमेंट कंपनी मतं मोजत असेल तर सरळ विचारा की हे कसं काय. पाकीट पोस्टाने पाठवा किंवा सांगितलेल्या जागी स्वतः नेऊन द्या, नेऊन दिलंत तर पोच मागता येते, मी दरवेळी मागते. एकदा इन्स्पेक्टरला मिळालं की मत बदलता येत नाही, त्यामुळे घाई नको.

मोजणी उघड्या मीटिंगमध्येच होते, कुठलाही सभासद जाऊन बघू शकतो, आणि त्याआधी एकही पाकीट उघडायची कुणालाच परवानगी नाही. जरूर जा, तासाभराचं काम असतं आणि बोर्डालाही कळतं की लोक बघतायत. गडबड दिसली तर कोर्टात जायला साधारण १ वर्ष असतं, आणि कोर्ट इलेक्शन रद्द करू शकतं, शिवाय प्रत्येक उल्लंघनाला ५०० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं.

२०२५ पासून ऑनलाइन मतदानही करता येतं, एचओएने तसा नियम केला असेल तर, असेसमेंटच्या मतदानाला मात्र अजून कागदच लागतो. ऑनलाइनवर विश्वास नसेल तर कागदी बॅलट मागता येतं पण ते इलेक्शनच्या ९० दिवस आधी कळवावं लागतं.

आणि डिसेंबरात पुण्याला जाणार असाल तर पोस्ट होल्डवर टाकायच्या आधी इलेक्शनची तारीख बघून घ्या. तुमच्या मुलाकडे किंवा बहिणीकडे जनरल पॉवर ऑफ अटर्नी असेल तर त्यांना तुमचं बॅलट द्यायला एचओए नाही म्हणू शकत नाही.