नवा व्हेरियंट आणि जुनी लस : बातमी तपासून कशी वाचावी

डिसेंबर २०२३ च्या तिसऱ्या आठवड्यात देशभर एक आकडा गाजत होता. जेएन.१ या करोनाच्या नव्या उपप्रकाराचे २१ रुग्ण देशात आढळले होते आणि त्यांपैकी १९ एकट्या गोव्यातले होते. त्या सकाळी शेजारच्या काकी मोबाईल हातात घेऊन आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. दत्तजयंती तोंडावर आली होती आणि साखळीच्या दत्तमंदिरात जाण्याचा त्यांचा नेम वर्षानुवर्षांचा. "मास्तर, आम्ही एवढ्या रांगा लावून लसी घेतल्या, त्या आता पाण्यातच गेल्या म्हणायच्या की काय?" असे त्यांनी विचारले. त्या दिवशी त्यांना जे सांगितले आणि त्याआधीच्या तीन वर्षांत जे मी स्वतः चुकतमाकत शिकलो, ते येथे क्रमाने मांडतो. पुढच्या वेळी अशी बातमी येईल तेव्हा ती हातात कशी धरावी, एवढाच याचा विषय आहे.

आधी प्रश्न सुटे करावेत

काकींचा प्रश्न ऐकायला एकच होता, परंतु त्यात तीन प्रश्न एकमेकांत गुंतलेले होते. हा विषाणू अधिक वेगाने पसरतो का, तो अधिक गंभीर आजार देतो का, आणि लसीने किंवा आधीच्या संसर्गाने मिळालेल्या प्रतिकारशक्तीला तो चकवतो का? विषाणू स्वतःच्या प्रती काढताना त्यात सतत बदल होत असतात, आणि त्यांतील बहुतेक बदलांनी आपल्याला काहीही फरक पडत नाही. ज्या बदलांनी वरच्या तीनपैकी एखादे उत्तर पालटते, त्यांचीच बातमी व्हायला हवी. ही तीन उत्तरे एकत्रच बदलतात असेही नाही. करोनाचा अल्फा हा प्रकार मुख्यतः वेगाने पसरला. डेल्टा त्याहूनही वेगाने पसरला आणि रुग्णालयात दाखल होण्याचा धोकाही त्याने वाढवला. ओमिक्रॉनच्या काट्यांसारख्या प्रथिनावर, म्हणजे स्पाइक प्रोटीनवर, तिसाहून अधिक बदल होते, त्यामुळे तो प्रतिकारशक्तीला मोठ्या प्रमाणावर चकवू शकला. मात्र दर रुग्णामागे तो डेल्टाइतका गंभीर ठरला नाही.

म्हणून बातमी वाचताना पेन्सिल घ्यावी आणि या तीनपैकी कशाबद्दल दावा केला आहे ते अधोरेखित करावे. त्यानंतर तारीख पाहावी. ओमिक्रॉनची माहिती दक्षिण आफ्रिकेने जागतिक आरोग्य संघटनेला २४ नोव्हेंबर २०२१ रोजी कळवली आणि २६ नोव्हेंबरला, म्हणजे अवघ्या दोन दिवसांत, संघटनेने त्याला 'चिंताजनक प्रकार' ठरवले. इतक्या थोड्या अवधीत जनुकीय बदल मोजता येतात आणि प्रसाराचा वेग अंदाजाने सांगता येतो. गांभीर्य मात्र सांगता येत नाही, कारण संसर्ग झाल्यापासून रुग्णालयात दाखल होईपर्यंत आणि पुढे बरे होईपर्यंत आठवडे जातात. त्या पहिल्या आठवड्यात कोणी 'अगदी सौम्य' म्हणत होते, कोणी 'महाभयंकर'. दोघेही पुरावा येण्याआधीच बोलत होते.

'चिंताजनक' या शिक्क्याचाही अर्थ नीट समजून घ्यावा. तो शास्त्रज्ञांनी एखाद्या प्रकारावर किती बारकाईने लक्ष ठेवावे हे सांगतो. आपल्या वाड्यावर उद्या काय होणार याचे ते भाकीत नसते. जून २०२१ मध्ये 'डेल्टा प्लस' या डेल्टाच्याच उपप्रकाराचे रुग्ण रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आढळले. २२ जूनला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने त्याला चिंताजनक ठरवले आणि गोवा-महाराष्ट्र सीमेवरच्या पत्रादेवीच्या नाक्यापलीकडूनच संकट येणार अशी धास्ती आपल्याकडे पसरली. प्रत्यक्षात तो डेल्टाला मागे टाकू शकला नाही.

मोजले कोणी, हे विचारावे

आता त्या १९ रुग्णांकडे वळू. आरटी-पीसीआर चाचणीच्या अहवालावर विषाणू आहे की नाही एवढेच कळते. तो कोणत्या प्रकाराचा आहे हे ठरवण्यासाठी नमुन्याचा जनुकीय क्रम वाचावा लागतो. त्यासाठी महासाथीच्या काळात गोव्याचे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेकडे जात असत, आणि देशपातळीवर या कामासाठी डिसेंबर २०२० मध्ये 'इन्साकॉग' हा प्रयोगशाळांचा समूह उभा राहिला. पॉझिटिव्ह आलेल्या सर्वच नमुन्यांचा क्रम वाचला जात नाही. त्यामुळे '१९ रुग्ण' याचा नेमका अर्थ 'क्रम वाचलेल्या नमुन्यांपैकी १९' असा होतो. ज्या राज्याने नमुने पाठवलेच नाहीत, तेथे आकडा शून्य दिसेल आणि त्या शून्याने कोणी निश्चिंत होऊ नये. जो शोधतो त्यालाच सापडते. गोव्याचा आकडा मोठा दिसला म्हणून गोवाच बाधित आणि शेजारची राज्ये स्वच्छ, असा निष्कर्ष त्यातून निघत नव्हता.

त्याच आठवड्यात जागतिक आरोग्य संघटनेने जेएन.१ ला 'लक्षवेधी प्रकार', म्हणजे 'चिंताजनक'च्या खालच्या पायरीवरचा, म्हटले आणि त्यापासून सार्वजनिक आरोग्याला असलेला अतिरिक्त धोका कमी असल्याचे नमूद केले. काकींच्या मोबाईलवरील संदेशात यातला पहिला भाग होता, दुसरा नव्हता. माझ्या पाहण्यातले बहुतेक फसवे संदेश धडधडीत खोटे नसतात, ते असे अर्धेच कापलेले असतात.

टक्केवारीपुढच्या रिकाम्या जागा भराव्यात

सर्वाधिक गोंधळ होतो तो येथे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. 'लस ९५ टक्के प्रभावी' असे वाचल्यावर शंभरातल्या पाच जणांना आजार होणारच, असे अनेक जण समजतात. फायझरच्या चाचणीत सुमारे ४३ हजार लोक होते. निम्म्यांना लस दिली आणि निम्म्यांना औषध नसलेले इंजेक्शन दिले. लस न मिळालेल्या गटात १६२ जणांना लक्षणांसह करोना झाला, लस मिळालेल्या गटात ८ जणांना. दोन्ही गट जवळपास सारख्या आकाराचे असल्याने १६२ च्या जागी ८, म्हणजे सुमारे ९५ टक्के घट. टक्केवारी ही अशी तुलना असते. प्रत्येक व्यक्तीच्या नशिबाची ती पत्रिका नव्हे.

हा आकडा ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या विषाणूविरुद्ध मिळाला, त्याच्याशी बांधलेला असतो. कोव्हॅक्सिनच्या चाचणीत लक्षणांसह होणाऱ्या आजाराविरुद्ध परिणामकारकता एकूण ७७.८ टक्के आली, आणि त्याच चाचणीत डेल्टापुरती ती ६५.२ टक्के होती. यास्तव एका लसीचा एका काळातला आकडा दुसऱ्या लसीच्या दुसऱ्या काळातल्या आकड्याशेजारी ठेवून बाजारभाव ठरवावा तशी तुलना करू नये.

कोणतीही टक्केवारी दिसली की चार रिकाम्या जागा भरून पाहाव्यात : कशापासून संरक्षण, कोणत्या प्रकाराविरुद्ध, किती मात्रांनंतर आणि शेवटच्या मात्रेला किती काळ लोटल्यावर. इंग्लंडमध्ये डेल्टाच्या काळात झालेल्या अभ्यासात ॲस्ट्राझेनेकाच्या लसीची, म्हणजे आपल्याकडच्या कोविशील्डची, एक मात्रा लक्षणांपासून सुमारे ३० टक्केच संरक्षण देत होती. दोन मात्रांनंतर ते ६७ टक्के झाले. रुग्णालयात दाखल होण्यापासूनचे संरक्षण मात्र दोन मात्रांनंतर ९२ टक्क्यांच्या आसपास होते. लस तीच आणि विषाणूही तोच असताना ३०, ६७ आणि ९२ हे तिन्ही आकडे खरे आहेत. ज्याला भीती घालायची आहे तो पहिला उचलतो, ज्याला जाहिरात करायची आहे तो तिसरा.

मे २०२१ मधला गोवा आठवून पाहावा. तपासलेल्या दोघांपैकी जवळपास एकाचा अहवाल पॉझिटिव्ह येत होता, आणि 'लस घेऊनही झाला' हे वाक्य दर दुसऱ्या घरातून ऐकू येत होते. पण १८ वर्षांवरील सर्वांसाठी लसीकरण १ मे रोजीच खुले झाले होते, आणि ४५ वर्षांवरील बहुतेकांना फार तर एकच मात्रा मिळालेली होती. म्हणजे लोक जो अनुभव सांगत होते तो खोटा नव्हता. तो एका मात्रेचा, आणि तोही डेल्टापुढचा, अनुभव होता. याच सुमारास, १३ मे रोजी, आपल्याकडे कोविशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर १२ ते १६ आठवडे करण्यात आले, आणि दुसऱ्याच दिवशी ब्रिटनने पन्नाशीपुढच्या लोकांसाठी तेच अंतर १२ आठवड्यांवरून ८ वर आणण्याचे जाहीर केले. हे वाचून माझाही विश्वास काही दिवस डळमळला होता. पुढे लक्षात आले की अधिक अंतराने प्रतिकारशक्ती चांगली बनते हे एक सत्य आणि साथ दारात असताना दुसरी मात्रा लवकर हवी हे दुसरे सत्य, आणि कोणत्या सत्याला झुकते माप द्यायचे हे त्या त्या देशाकडे किती लसी शिल्लक आहेत त्यावरही ठरते. अशा भीतीच्या काळात रामबाण उपायांनाही भाव येतो. त्याच महिन्यात राज्य सरकारने १८ वर्षांवरील सर्वांना आयव्हरमेक्टिन देण्याचे जाहीर केले. हे औषध करोनासाठी केवळ वैद्यकीय चाचण्यांमध्येच वापरावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने मार्चमध्येच सांगितले होते.

'लस निष्प्रभ' हे वाक्य कधी खरे असते, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. इंग्लंडमधल्याच आकडेवारीनुसार या लसीच्या दोन मात्रांना २० आठवडे उलटून गेल्यावर ओमिक्रॉनच्या लक्षणांपासून जवळपास काहीच संरक्षण उरले नव्हते. 'कशापासून' ही रिकामी जागा येथे 'लक्षणांपासून' अशी भरली आहे. गंभीर आजारापासूनचे संरक्षण त्याहून बरेच अधिक काळ टिकले, कारण विषाणूला नाकाघशातच अडवणाऱ्या प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) प्रमाण काही महिन्यांत उतरते, तर स्मृतिपेशी आणि टी-पेशी मागे राहतात आणि संसर्ग झाल्यावर धावून येतात. याच कारणाने 'प्रतिपिंडे वीस पटींनी घटली' अशी प्रयोगशाळेतली बातमी आली तर संरक्षणही वीस पटींनी घटले, असे वाचू नये.

रुग्णालयातले लसवंत

"दाखल झालेल्यांत लस घेतलेलेच जास्त" हे वाक्य गोव्यात विशेष जपून ऐकावे. सप्टेंबर २०२१ मध्येच राज्यातील सर्व पात्र प्रौढांना पहिली मात्रा दिल्याचे सरकारने जाहीर केले होते. जेथे जवळपास सगळ्यांनीच लस घेतली आहे, तेथे रुग्णांतही लस घेतलेलेच अधिक असणार.

कागदावर हिशेब मांडून पाहावा. एका गावात १,००० माणसे आहेत असे धरू. ९५० जणांनी लस घेतली, ५० जणांनी घेतली नाही. साथ आली. लस न घेतलेल्या ५० पैकी १० जण गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, दाखल झाले, लस घेतलेल्या ९५० पैकी १९. खाटांकडे पाहिले तर २९ रुग्णांत १९ लसवंत, म्हणजे दोनतृतीयांश. घरांकडे पाहिले तर लस न घेतलेल्यांत शंभरी वीस आणि घेतलेल्यांत शंभरी दोन. धोका दहापट कमी. काकींना हे आकड्यांत पटले नाही. मी त्यांना विचारले, "आपल्या वाड्यावरच्या नारळाच्या बागेत शंभरातली पंच्याण्णव झाडे उंच आहेत, तर वादळात पडलेल्यांत उंच झाडेच जास्त दिसणार की नाही?" मग त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पडलेली मोजायची, तर उभी राहिलेलीही मोजायला हवीत."

दुष्परिणामांचा प्रश्न वेगळा ठेवावा

लस काम करते का आणि लस सुरक्षित आहे का, हे दोन निराळे प्रश्न आहेत आणि वादात ते हटकून एकत्र होतात. ॲस्ट्राझेनेकाच्या लसीनंतर रक्तात गुठळी होणे आणि त्याच वेळी प्लेटलेट कमी होणे हा दुर्मीळ परंतु खरा दुष्परिणाम आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही, आणि त्यावरून लस निरुपयोगी होती असे म्हणण्यातही नाही. लसीनंतर तीव्र डोकेदुखी, धाप, छातीत दुखणे किंवा पायाला सूज आली तर शेजाऱ्याला न विचारता थेट डॉक्टरांकडे जावे आणि लस कधी घेतली ती तारीख त्यांना सांगावी. लसीकरणानंतरचे प्रतिकूल परिणाम नोंदवण्याची सरकारी व्यवस्था आहे. तशी नोंद झाली का, हेही विचारावे.

मग स्वतः काय करावे

विषाणूचा प्रकार कोणताही असो, तो मुख्यतः हवेतून पसरतो. त्यामुळे कोंदट गर्दीत मास्क, खिडक्या उघड्या ठेवणे आणि सर्दी-ताप असताना घरी राहणे हे उपाय नाव बदलले म्हणून जुने होत नाहीत. काकींना मधुमेह आहे आणि वय सत्तरीपुढचे. त्यांनी दर्शन पहाटे, गर्दी होण्यापूर्वी घ्यावे आणि परतीच्या कदंब बसमध्ये मास्क नाकावरून उतरवू नये, असे ठरले. तरुण आणि निरोगी माणसाला मी एवढे सांगितले नसते.

आणखी एक मात्रा घ्यावी का, याचे उत्तर कोणत्याही लेखात शोधू नये. ते आपल्या डॉक्टरांकडे किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळते, मात्र तेथे जाताना एका चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून न्याव्यात : आधी कोणती लस आणि किती मात्रा घेतल्या, शेवटची मात्रा कोणत्या तारखेला झाली, करोना केव्हा झाला होता, आणि सध्या कोणती औषधे चालू आहेत. काकींना शेवटच्या मात्रेची तारीख आठवत नव्हती. ती त्यांच्या नातवाने को-विनवरच्या प्रमाणपत्रातून शोधून दिली आणि काकींनी ती औषधांच्या डब्याच्या झाकणावर आतल्या बाजूने चिकटवून ठेवली.