दिवसाच्या उन्हाळी शिबिराला मूल पाठवताना: बॅग भरण्याआधीची तयारी

शिबिराचा पहिला दिवस, साडेदहाची मधली सुट्टी. सतरंजीच्या टोकाला सहा वर्षांची एक मुलगी डबा मांडीवर घेऊन गप्प बसलेली. "भूक नाही का गं?" म्हटलं तर नुसती मान हलवली. जवळ जाऊन पाहिलं तर डबा नवाकोरा, चारही बाजूंनी क्लिपा असलेला, आणि तिच्याच्याने त्यातली एकही निघत नव्हती. आत तिखटमिठाच्या पुऱ्या, गुळाची वडी, कागदी रुमालाची घडीसुद्धा. पोरगी मात्र ते सगळं मांडीवर घेऊन उपाशी. मागायची लाज वाटत होती, म्हणून "भूक नाही" म्हणून मोकळी झाली होती.

बरेच उन्हाळे मी अशा शिबिरांत ताई म्हणून काढलेत, आणि आता घरातही एक शिबिरार्थी आहे. त्यामुळे फाटकाच्या दोन्ही बाजू मला ठाऊक आहेत. आईबाप बॅग उत्तम भरतात. बॅगेतलं मुलाला स्वतःच्या हाताने काढता येतं का, हे मात्र कुणी तपासत नाही. खालची तयारी साधारण पाच ते दहा वर्षांच्या मुलांसाठी आणि रोज सकाळी जाऊन घरी परत यायच्या शिबिरासाठी आहे. निवासी शिबिराचं प्रकरण वेगळं.

आधी जागा बघा, मग पैसे भरा

एप्रिल लागला की पत्रकांचा पाऊस पडतो. दहा दिवसांत रोबोटिक्स, वैदिक गणित, अबॅकस, घोडेस्वारी आणि शिवाय संस्कार. पत्रक बाजूला ठेवा आणि जागेवर जाऊन या. तेही सकाळी अकराच्या सुमारास. आठ वाजता प्रत्येक मैदान छान दिसतं. अकराला कळतं की मुलं बसणार ती शेड पत्र्याची आहे आणि पंखा एकच आहे.

तिथे गेल्यावर स्वच्छतागृह बघायला मागा. आढेवेढे घेतले तर मी तिथूनच मागे फिरते. मग विचारा: किती मुलांमागे एक ताई किंवा दादा? पिण्याचं पाणी कुठलं? अकरा ते चारच्या उन्हात मुलं काय करतात? मूल कुणाच्या ताब्यात देता, त्याची नोंद ठेवता का? "पोहणं" असेल तर पाण्याजवळ जीवरक्षक कोण, आणि पोहता न येणाऱ्यांची तुकडी वेगळी असते का? उत्तरं गुळमुळीत आली तर शिबिर कितीही नावाजलेलं असो, नाव घालू नका.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला सकाळचे तीन-चार तास पुरे होतात. पुण्या-नाशकात आठ ते बारा चालून जातं. नागपूर-चंद्रपूरकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे सकाळी लवकर सुरू होऊन दहा-साडेदहाला सुटणारं शिबिर शोधा. दोघं नोकरीला असलेल्या घरांना दिवसभराचं शिबिर लागतं, हे मलाही कळतं. मग दुपारी मुलांना पडायला सावलीची, वाऱ्याची जागा आहे का एवढं नक्की बघा. पुण्यात सारसबागेसमोरचं गरवारे बालभवन किंवा मुंबईत चर्नी रोडचं जवाहर बालभवन अशा मुलांसाठीच उभ्या राहिलेल्या जागा जवळ असतील, तर तिथली चौकशी आधी करा.

आणि हो, एका सुट्टीत एकच शिबिर. बाकीचे दिवस मुलाला कंटाळू द्या.

पंधरा दिवस आधी: हातांची तालीम

ही पायरी सगळ्यात मोठी आणि हीच सगळे गाळतात.

डबा आणि बाटली आत्ताच ठरवा आणि घरी त्यातूनच खायला-प्यायला द्या. झाकण मुलाने एकट्याने उघडायचं आणि एकट्याने लावायचं. लावणं जास्त अवघड असतं. अर्धवट लागलेल्या बाटलीने चित्रांच्या वह्या भिजलेल्या मी कितीतरी पाहिल्यात. जमत नसेल तर मुलाला दोष देऊ नका, डबा बदला. त्या मुलीच्या आईने दुसऱ्या दिवशी वर ओढून उघडायचा साधा स्टीलचा डबा दिला आणि प्रश्न मिटला.

मग स्वच्छतागृह. घरी कमोड वापरणारं मूल शिबिरातल्या भारतीय पद्धतीच्या संडासासमोर थबकतं आणि कुणाला न सांगता दिवसभर रोखून धरतं. दुपारी पोट दुखतं, आपण डब्याला दोष देतो. आजीकडे, देवळाच्या आवारात, जिथे तसा संडास असेल तिथे दोन-चारदा बसवून बघा. जेट स्प्रे नसेल तर टमरेलाने पाणी कसं घ्यायचं, कडी आतून कशी लावायची आणि मुख्य म्हणजे कशी उघडायची, हे दाखवा. कपडे त्या हिशेबाने निवडा: इलॅस्टिकची चड्डी. नाडी नको, घट्ट बटण नको, पट्टा तर नकोच.

तिसरी गोष्ट बोलण्याची. काही वाक्यं तोंडात बसली पाहिजेत. "ताई, मला शू लागलीय." "दादा, मला पाणी हवंय." "माझं डोकं दुखतंय." आपल्याला ही वाक्यं किरकोळ वाटतात, पण अनोळखी तीस मुलांमध्ये ती मोठ्याने म्हणायला लाजाळू मुलाला धीर लागतो. वाण्याच्या दुकानात जा आणि त्यालाच बोलू द्या: "काका, अर्धा किलो साखर द्या." तुम्ही मागे उभे राहा, गप्प. आईचा किंवा बाबांचा मोबाइल नंबर दोन-दोन आकड्यांच्या तुकड्यांत चालीवर म्हणून घ्या. तीन दिवसांत पाठ होतो.

एखाद्या रविवारी घरातच "शिबिर-शिबिर" खेळा. गॅलरीत चटई, पाठीवर बॅग, दहा वाजता डबा. तीन तास आईने मदतीला धावायचं नाही. काय अडलं ते कागदावर लिहा. आमच्याकडे कळलं की चिरंजिवांना सँडलचा उजवा-डावा पाय ओळखू येत नाही. दोन्ही सँडलच्या आतल्या कडेला मार्करने अर्धं-अर्धं फुलपाखरू काढलं. सँडल शेजारी ठेवल्यावर फुलपाखरू पूर्ण झालं की पाय बरोबर.

झोपेचंही इथेच बघा. सुट्टीत रात्रीचे साडेअकरा वाजतात. रोज पंधरा मिनिटं अलीकडे आणलं तर आठवड्याभरात गाडी रुळावर येते.

अवघड वाटणारं बोलणं

हे टाळू नका, पण समोर बसवून भाषणही देऊ नका. अंघोळ घालताना, केस पुसताना सहज सांगा: चड्डीच्या आतला भाग हा तुझा. तिथे कुणी हात लावला, किंवा तुला त्यांच्या तशा भागाला हात लावायला सांगितला, तर मोठ्याने "नाही" म्हणायचं, तिथून निघायचं आणि मला सांगायचं. ओळखीचे दादा-काका असले तरी. "आईला सांगू नकोस" असं कुणी म्हटलं तर ते आधी आईला सांगायचं. आणि तू काहीही सांगितलंस तरी मी रागावणार नाही. शेवटचं वाक्य दोनदा म्हणा.

घ्यायला कोण येणार हे आयोजकांना लेखी द्या. घरातला एक परवलीचा शब्द ठरवा. ऐन वेळी दुसरं कुणी आलं तर मुलाने तो विचारायचा. आमचा शब्द एका भाजीचा आहे आणि तो सांगताना आजोबांना दर वेळी हसू येतं. मुलांच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक देशभर आहे, तो तुमच्या फोनमध्ये असू द्या. लहान मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे. असा प्रकार कळला तर पोलिसांत कळवणं त्या कायद्याने बंधनकारक आहे. "आमच्या नावाचा प्रश्न आहे, आपसात मिटवू" असं कुणी म्हणालं तर ऐकायचं नाही.

बॅग आणि डबा

बॅगेत लागतं थोडंच: पाण्याची बाटली, डबा, टोपी, एक सुती रुमाल, कपड्यांचा एक जादा जोड आणि ओले कपडे घालायला पिशवी. खेळणी, मोबाइल, पैसे, सोन्याचे कानातले घरी. कपडे सुती, सैल, शक्यतो पूर्ण बाह्यांचे आणि जुने. नवा शर्ट घातलेलं मूल मातीत बसत नाही.

नाव प्रत्येक वस्तूवर हवं. स्टीलवर मार्कर दोन धुण्यांत जातो. भांड्यांच्या दुकानात नाव कोरून घ्या, आजीच्या पेल्यांवर असतं तसं. मूल वाचत नसेल तर सगळ्या वस्तूंवर एकच खूण करा, लाल नेलपॉलिशचा ठिपकाही चालतो. बॅगेवर मात्र नाव बाहेरून मोठ्या अक्षरांत नको. अनोळखी माणसाने नावाने हाक मारली की मुलाला तो ओळखीचा वाटतो. आतल्या बाजूला लिहा, फोन नंबरासकट.

डब्यात उन्हात टिकेल ते द्या. दुधात भिजवलेली दशमी, तिखटमिठाच्या पुऱ्या, मेथीचे ठेपले, कोरडी चटणी लावून पोळीची गुंडाळी, गूळपापडीची वडी. दहीभात सकाळी गोड लागतो, बारापर्यंत आंबतो. केळं बॅगेत दबून काळं पडतं, कापलेलं कलिंगड गळतं. आंब्याचा तर विचारही करू नका; हात चिकट, शर्ट पिवळा आणि माशा मोफत. शेंगदाण्याचं काही देणार असाल तर कुणाला त्याची ॲलर्जी नाही ना, हे आयोजकांना आधी विचारा. आणि नवा पदार्थ शिबिरात पहिल्यांदा देऊ नका. तिथे त्याला घरची ओळखीची चव हवी असते.

ऊन आणि पाणी

"भरपूर पाणी पी" हे मुलाला कळत नाही. "प्रत्येक खेळ संपला की चार घोट" हे कळतं. बाटली मोठी देण्याच्या भानगडीत पडू नका. भरलेली जड बाटली मूल कोपऱ्यात ठेवून विसरतं. मध्यम बाटली आणि ती भरून घ्यायची सवय बरी. घरी आल्यावर लघवी गडद पिवळी होते का, हे विचारा. होत असेल तर पाणी कमी पडतंय.

रोजच्याला साधं पाणी पुरतं. घरी आल्यावर पन्हं, कोकम सरबत, मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत द्या. ओआरएस हे जुलाब-उलट्या झाल्या किंवा खूप घाम जाऊन मूल मलूल झालं तर द्यायचं औषध आहे. खोक्यात मिळणारं तयार गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात "ओआरएस" हा शब्द वापरायला बंदी घातली ती याच गोंधळामुळे. औषधाच्या दुकानातून पावडरीची पुडी आणा आणि पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेकदा एक लिटरमध्ये, पूर्ण घाला. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ. अंदाजपंचे नको, मीठ जास्त झालं तर अपाय होतो.

डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, खूप घाम अशी लक्षणं दिसली तर मुलाला सावलीत आडवं करायचं, कपडे सैल करायचे, ओल्या फडक्याने पुसायचं, घोट-घोट पाणी द्यायचं. अंग तापलेलं आणि मूल असंबद्ध बोलतंय, झापड येतेय किंवा आकडी आली, तर तो उष्माघात समजा. तोंडात पाणी ओतू नका, अंगावर पाणी मारत, वारा घालत राहा आणि १०८ ला फोन करा. शिबिराच्या ताई-दादांना हे येतं का, ते नाव घालतानाच विचारून घ्या.

दमा, आकडी, ॲलर्जी काही असेल तर कागदावर लिहून, औषधासह, ताईंच्या हातात द्या. "हिला सांगितलंय, ती घेईल" यावर सोडू नका.

पहिली सकाळ

फाटकाशी निरोप छोटा. मूल रडेल म्हणून त्याची नजर चुकवून पळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ते तुमचा हातच सोडत नाही. "मी इथेच बसलेय" अशी थापही नको. घड्याळ न कळणाऱ्या मुलाला त्याच्या भाषेत वेळ सांगा: "डबा खाल्लास, चित्र काढलंस, गाणी झाली की मी फाटकाशी." आणि पहिल्या दिवशी दहा मिनिटं आधीच जाऊन उभे राहा. बाकीची मुलं एकेक करून निघून गेल्यावर एकटं उरलेलं मूल दुसऱ्या दिवशी यायला तयार होत नाही.

रडणारी बहुतेक मुलं पहिला खेळ सुरू होईपर्यंत शांत होतात. फाटकाबाहेर डोळे पुसत उभ्या असलेल्या आयांना जास्त वेळ लागतो.

घरी आल्यावर

"आज काय शिकलास?" विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर मिळेल. "तुझ्या डब्यातलं कुणी खाल्लं?" असं विचारा, मग कुणाशी गट्टी झाली आणि कुणी ढकललं, सगळं बाहेर येतं. पायाची बोटं, मान, काखा बघा. घामोळं आलं असेल तर गार पाण्याची अंघोळ आणि सैल कपडे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी "मला नाही जायचं" येतंच. नुसता कंटाळा असेल तर मूल तिथून आल्यावर हसतखेळत असतं. मग एक-दोन दिवस रेटा. पण एखाद्या ठरावीक माणसाचं नाव काढल्यावर ते गप्प होत असेल, अंथरूण ओलं करायला लागलं असेल, स्वच्छतागृहात जायला घाबरत असेल, तर शिबिर त्याच दिवशी बंद करा आणि शांतपणे सगळं ऐकून घ्या. भरलेली फी गेली तर गेली.

शेवटच्या दिवशी हरवलेल्या वस्तूंची पेटी उचकून बघा. दर वर्षी तिच्यात बाटल्यांची चार-पाच झाकणं, एका पायाचे मोजे आणि एखादी टोपी राहते, आणि "ही आमची नाही" म्हणणाऱ्या आईच्याच मुलाची ती टोपी निघते.