निवृत्तीनंतर गोव्याच्या खडकाळ किनाऱ्यावर राहायला जायचंय? या क्रमाने करा

गोव्याचा किनारा म्हटलं की कळंगुट-बागा आठवतं. पण उत्तरेच्या तेरेखोल किल्ल्यापासून दक्षिणेच्या पोळेंपर्यंत या किनाऱ्याचा बराच भाग खडकाळ आहे. हणजूणला जांभ्याचे खडक थेट पाण्यात उतरतात, हरमल आणि केरीच्या मध्ये डोंगराची सोंड समुद्रात शिरते, बेतूलच्या पुढे काब द रामपर्यंत कडेच कडे आहेत आणि काणकोणात तर दर दोन-चार किलोमीटरवर एखादी लपलेली खाच सापडते. चार दिवसांच्या सहलीत यातलं फारसं काही हाती लागत नाही. त्यासाठी तिथे राहावं लागतं, आणि हाताशी वेळ असलेल्या निवृत्त जोडप्याला ते छान जमू शकतं.

अडचण होते ती क्रमाची. अनेक जण आधी पुण्या-मुंबईचा फ्लॅट विकतात, मग समुद्र दिसणारी जागा घेतात आणि मग त्यांना पहिला पावसाळा भेटतो. माझं ठाम मत याच्या उलट आहे. आधी भाड्याने राहून पावसाळा काढा, मग जागा ठरवा, जुनं घर विकायचं की नाही हे सगळ्यात शेवटी बघा.

आधी तालुका ठरवा

खडकाळ किनाऱ्यासाठी दोन तालुके मुख्य: उत्तरेला पेडणे आणि दक्षिणेला काणकोण. पेडण्यात केरी, हरमल, मांद्रे ही गावं. मोपाचा विमानतळ जवळ, सावंतवाडी-वेंगुर्ला हाकेच्या अंतरावर, त्यामुळे मराठी माणसाला परकं वाटत नाही. पण हंगामात गर्दी आणि भाडी दोन्ही चढतात. काणकोण शांत. आगोंद, खोला, पाळोळें, गालजीबाग, तळपण हे सगळं एकाच तालुक्यात, आणि कोकण रेल्वेचं स्टेशनही गावातच.

काणकोणचा एक मुद्दा मात्र नीट समजून घ्या. मोठ्या इस्पितळासाठी मडगाव गाठावं लागतं. अंतर ३५-४० किलोमीटर, आणि वाटेत करमल घाटाची वळणं. ज्यांना हृदयाचा त्रास आहे किंवा ज्यांचं डायलिसिस चालू आहे त्यांनी मडगावच्या जवळ, बाणावली-केळशीच्या बाजूला राहावं आणि खडकांकडे फिरायला जावं.

तालुका ठरला की घर बाजाराजवळ बघा. काणकोणात चावडी या मुख्य गावात बाजार, औषधांची दुकानं, बँक, आरोग्य केंद्र, कदंबचं (गोव्याच्या सरकारी बससेवेचं) बसस्थानक सगळं चालत्या अंतरावर आहे आणि पाळोळेंचा समुद्र तिथून फक्त दोन-तीन किलोमीटर. समुद्रावर रोज एकदा जाल, दूध-भाजी-औषधाला तीनदा. गुडघे दुखायला लागल्यावर हा हिशेब फार महत्त्वाचा होतो.

अकरा महिन्यांसाठी भाड्याने राहा, सुरुवात मे महिन्यात

डिसेंबरात पाहिलेलं प्रत्येक घर सुंदर असतं. म्हणून घर बघायला मे महिन्याच्या शेवटी जा. तेव्हा विहिरीचं पाणी तळाला गेलेलं असतं आणि किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचं पाणी मचूळ लागतं. घोटभर चाखूनच बघा. भिंतीच्या खालच्या हातभर भागावर हात फिरवा. रंगाचे पापुद्रे सुटत असतील तर तिथे ओल चढते. कपाट उघडून वास घ्या. मोबाइलला रेंज अंगणात नाही, झोपायच्या खोलीत बघा. पायऱ्यांना कठडा आहे का, संडास-न्हाणीघर घरातच आहे का, पावसात रिक्षा दारापर्यंत येते का, हे मालकापेक्षा शेजाऱ्याला विचारा.

किनारपट्टीत घर भाड्याने घेताना एक गोष्ट जपा. काही मालक फक्त पावसाळ्यापुरतं स्वस्तात देतात आणि ऑक्टोबरात पर्यटकांसाठी रिकामं करून मागतात. करारात सलग अकरा महिने आणि एकच भाडं लिहून घ्या. भाडेकरूच्या पडताळणीचा पोलीस ठाण्यातला फॉर्म मालकाकडून भरून घ्या आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा. वीज-पाण्याचं बिल कोणाच्या नावावर राहणार आणि इन्व्हर्टरची बॅटरी कोण बदलणार, हेही करारातच येऊ द्या.

पहिला पावसाळा काय असतो याची कल्पना असू द्या. वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. किनाऱ्यावरची शॅक्स बंद, वीज येते-जाते, कपडे तीन-तीन दिवस वाळत नाहीत. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, त्यामुळे ताजी मासळी कमी आणि महाग. गोंयकार याची सोय मे महिन्यातच करतात. सुके बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), कोकम, मिरच्या, उकडे तांदूळ भरून ठेवतात. याला इथे पुरुमेंत म्हणतात आणि मडगावला त्याची फेरीच भरते. तुम्हीही तिथूनच पावसाळ्याची भरणी करा. एवढं करून या चार महिन्यांत दोघांचीही मनं रमली, तर पुढचा विचार करायचा. एकालाच आवडलं असेल तर थांबा. हा निर्णय दोघांचा आहे, आणि बहुतेक घरांत यातला एकजण दुसऱ्याच्या उत्साहापोटी गप्प बसतो.

जुनं घर निम्मं करा

हे काम सगळ्यात जड. फ्लॅट विकायचा नसला तरी सामान आत्ताच कमी करायला घ्या. भाड्याने द्यायला घर मोकळं होतं आणि हात-पाय चालतायत तोवर हे उरकतं.

सुरुवात माळ्यापासून करा, फोटोंपासून कधीच नको. माळ्यावरच्या वस्तूंशी भावना कमी गुंतलेल्या असतात. फोटोंचा ढीग उघडला की त्या दिवशी दुसरं काही होत नाही. माळा, मग स्वयंपाकघर, मग कपडे, मग पुस्तकं आणि शेवटी कागद व फोटो, हा क्रम चांगला चालतो. मुलांना एक तारीख द्या: तुमच्या वस्तू अमुक दिवसापर्यंत न्या, नंतर आम्ही आमच्या मनाने देऊन टाकू. तारखेशिवाय मुलं काही नेत नाहीत. लग्नातली पितळेची भांडी, आईचा पाटा-वरवंटा, सासूबाईंची पैठणी यांचं वाटप आपल्या हातांनी, हसत-बोलत करा. मागे ठेवून गेलेल्या वस्तूंवरून भावंडांत वाद होतात. मृत्युपत्र आणि सगळ्या खात्यांची वारसनोंद याच महिन्यात उरकून घ्या.

काय न्यायचं ते खारी हवा ठरवते. लोखंडी कपाटाला बिजागऱ्यांपासून गंज चढतो, प्लायवूड फुगतं, चामड्याच्या चपलांवर आणि पट्ट्यांवर बुरशी येते. सागवानी लाकूड, स्टेनलेस स्टीलची भांडी, सुती कपडे टिकतात. पुस्तकं न्याल तर निवडक न्या, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा आणि पावसाळ्यात उघडझाप करत राहा. भारी रेशमी साड्या मुलीकडे किंवा सुनेकडे सुखरूप राहतील. पुस्तकांची भूक पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात भागते. १८३२ सालचं हे ग्रंथालय आहे आणि मराठी विभाग चांगला आहे. मराठी वर्तमानपत्रं तर इथे रोज दारात येतात.

कागद आणि दवाखाना

कागदांचं थोडक्यात सांगतो. आधारवरचा पत्ता बदला, मतदारयादीसाठी फॉर्म ८ भरा, गॅसची जोडणी हलवा. महाराष्ट्रातली गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ गोव्यात ठेवणार असाल तर तिची इथे नोंदणी करावी लागते. त्यासाठी आधी तिकडच्या आरटीओचं ना-हरकत प्रमाणपत्र काढून आणा. पेन्शनचं खातं हलवण्याची घाई नको. हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवूनही देता येतो.

दवाखान्याला मात्र वेळ द्या. गावात पोहोचल्याच्या पहिल्या आठवड्यात जवळच्या आरोग्य केंद्रात दोघांनी साधी तपासणी करून घ्या, म्हणजे डॉक्टरांची ओळख होते. गंभीर आजारासाठी बांबोळीचं गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे, दक्षिणेत मडगावचं जिल्हा इस्पितळ. रुग्णवाहिकेचा क्रमांक १०८. तुमच्या घरापर्यंत यायची खूण, म्हणजे कोणतं देऊळ, कोणता खुरीस (क्रूस), कोणतं दुकान, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा. घाबरलेल्या माणसाला आपल्याच घराचा पत्ता सांगता येत नाही. वय ७० पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्यात वर्षाला ५ लाखांचं संरक्षण मिळतं, फक्त जवळचं कोणतं इस्पितळ त्यात आहे ते आधीच विचारून ठेवा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेसाठी पाच वर्षांचा रहिवास लागतो, म्हणून सुरुवातीला आपला खासगी विमा सोडू नका.

खडकांवर जायचं ते तिथी बघून

ज्यासाठी आलात ते आता. खडकाळ किनारा ओहोटीतच बघायचा असतो. भरतीत तिथे पाणी आदळतं, ओहोटीत तेच खडक उघडे पडतात आणि त्यांच्यामधल्या डबक्यांत खेकडे, समुद्रफुलं, शंखातले जीव दिसतात.

आमच्याकडे कालवं (खडकांना चिकटलेले शिंपले) काढायला जाणारी एक मावशी आहे. तिच्या हातात छोटा कोयता आणि टोपली असते, मोबाइल नसतो. ‘आज तिथ कितली?’ असं विचारून ती बोटांच्या पेरांवर मोजते आणि निघायची वेळ सांगते. हा हिशेब कोकणभर चालतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीया असेल तर पाऊणपट दीड, म्हणजे भरती दीडच्या सुमाराला, दुपारी आणि रात्रीही. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी साडेसातच्या आसपास. अर्धा-एक तास मागेपुढे होतं, म्हणून मुरगाव बंदराच्या भरती-ओहोटीच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. त्यात दिवसाच्या दोन ओहोट्यांची उंचीही दिलेली असते. कमी आकड्याची ओहोटी निवडा.

यातून ज्येष्ठांच्या सोयीची एक गोष्ट निघते. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असतं, पाणी सगळ्यात जास्त मागे हटतं, आणि नेमकी तेव्हाच ओहोटी सकाळी सहा ते साडेसातच्या दरम्यान येते. ऊन नाही, गर्दी नाही, खडक पूर्ण उघडे. महिन्यातले हे पाच-सहा दिवस कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमजोर भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे जात नाही आणि ओहोटीही भर दुपारी येते. ते दिवस बाजार, देऊळ, बँकेला द्या.

पायात मागून पट्टा असलेल्या, रबरी तळाच्या चपला घाला. खडकांना चिकटलेली कालवं ब्लेडसारखी कापतात आणि मधुमेह असेल तर अशी जखम लवकर भरत नाही. हिरवं शेवाळ दिसतं, काळं दिसत नाही. ओल्या काळ्या खडकावर काठी आधी टेकवा, मग पाय. समुद्राकडे पाठ करून कधी उभे राहू नका. ओहोटीची वेळ झाली की त्याच क्षणी परतीला लागा.

सुरुवात सोप्या जागांपासून करा. हणजूणचे खडक रस्त्यापासून जवळ आहेत. पाळोळेंच्या उत्तर टोकाला ओहोटीत पाण्यातून चालत काणकोणच्या बेटावर जाता येतं, पण पाणी चढायच्या आत परत यायलाच हवं. हरमलहून खडकांच्या कडेने गोड्या पाण्याच्या तळ्यापर्यंत जाणारी वाट दोघांना आरामात जमेल. काब द राम थोडं सरावल्यावर. १७६३ साली सोंदेच्या राजाकडून पोर्तुगिजांनी घेतलेला हा किल्ला जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर आहे. पावसाळ्यात खडकांवर उतरणं पूर्ण बंद असतं तेव्हा याच सड्यावरून समुद्र बघा, कड्यापासून चांगलं अंतर राखून. गालजीबाग, आगोंद, मोरजी इथे हिवाळ्यात कासवं अंडी घालायला येतात. रात्री बॅटरीचा उजेड पाडू नका, वन खात्याने कुंपण घातलेल्या जागांपासून लांब राहा.

घर घ्यायचंच असेल तर

पावसाळ्यासकट वर्ष काढल्यावरच. गोव्याचा वारसा कायदा वेगळा आहे. नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक मानली जाते, त्यामुळे विक्रीखतावर मालकाइतकीच त्याच्या पत्नीची सही लागते. जुन्या घराचे वारस मुंबईपासून लिस्बनपर्यंत पसरलेले असतात, आणि त्या प्रत्येकाची व त्याच्या जोडीदाराची संमती हवी. सातबाऱ्याच्या जागी इथे फॉर्म १ आणि १४ असतो. त्यात कूळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीवर घर करून राहणारा) म्हणून कोणाचं नाव आहे का ते बघा. ज्याच्या पिढ्या त्या भाटात (बागायतीत) राहिल्या त्याला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, आणि ते रास्तच आहे. नगरनियोजन खात्याचा झोनिंग दाखला (जमिनीचा वापर कशासाठी ठरलाय ते सांगणारा) घ्या आणि बांधकामावर निर्बंध असलेल्या किनारा नियंत्रण क्षेत्राची रेषा कुठून जाते ते लेखी विचारा. वकील स्थानिकच असावा, आणि तो विकणाऱ्याने किंवा दलालाने सुचवलेला नसावा.

जुना फ्लॅट विकायची वेळ तेव्हा येते. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर निवासी व्यक्तीला १२.५ टक्के किंवा महागाईनिर्देशांक लावून २० टक्के, यातला कमी पडेल तो कर भरता येतो. नवीन घर विक्रीआधी एक वर्ष किंवा नंतर दोन वर्षांत घेतलं तर नफ्यावर सूटही मिळते. गोव्यातल्या घराच्या व्यवहाराची तारीख ठरवण्याआधी हा हिशेब सीएला दाखवा.