गेमसाठी जुना होम कॉम्प्युटर घेताय? या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात एक पोरगा कापडी पिशवीत झेडएक्स स्पेक्ट्रम, म्हणजे ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा टीव्हीला जोडायचा जुना होम कॉम्प्युटर, घेऊन माझ्या दुकानात आला. आर्वी तालुक्यात माझं टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. मिक्सर, कूलरची मोटार, सोलरचा कंदील असं सगळं येतं, पण स्पेक्ट्रम आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. त्याच्या मामाने तीस-पस्तीस वर्षांपूर्वी बाहेरून आणलेला, माळ्यावरच्या पेटीत सापडलेला. "भाऊ, लावला तं फट्‌कन आवाज आला अन् आता काहीच नाही. बनून जाईल न?"

पिशवीत खाली सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर होता. तो दिसला आणि काय झालं ते कळलं.

स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतात आणि त्याच्या सॉकेटची मधली पिन निगेटिव्ह असते, बाहेरची कडी पॉझिटिव्ह. आपल्या घरात पडलेले बहुतेक अडॅप्टर नेमके याच्या उलट. प्लगची जाडी जुळते, तो आरामात बसतो, आणि बसला म्हणजे चालेल असं माणूस धरून चालतो. त्या पोराच्या अडॅप्टरचे व्होल्ट १२ होते आणि पोलॅरिटीही उलटी. स्पेक्ट्रमच्या आत एक ट्रान्झिस्टर नऊ व्होल्टपासून अधिक १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करायला मदत करतो. सर्किटच्या नकाशात त्याचं नाव टीआर ४. पहिला तोच जातो, आणि जाताना खालच्या १६के (किलोबाइट) रॅमच्या, म्हणजे मेमरीच्या, ४११६ नंबरच्या चिपा सोबत नेतो.

इथे दुरुस्ती करणारेही एक चूक करतात. रॅम गेली म्हणून नव्या चिपा बसवतात आणि चालू करतात. उणे ५ व्होल्ट अजून येत नसतील तर नव्या ४११६ सुद्धा मरतात. आधी टीआर ४ बदला, मीटर लावून १२, ५ आणि उणे ५ तिन्ही मोजा, मगच रॅमला हात लावा. त्या पोराचा स्पेक्ट्रम तीन चिपा आणि एका ट्रान्झिस्टरवर उठला. पांढरा पडदा आणि खाली १९८२ सिंक्लेअर रिसर्चची ओळ आली, तेव्हा दुकानात चहा प्यायला आलेले चार जण उभे राहून बघत होते.

मशिन निवडण्याचं बोलायचं तर ते या प्रसंगातूनच सुरू होतं. आपल्या गावात टिकेल असं मशिन म्हणजे जे आपल्या टीव्हीवर दिसतं, आपल्या लाइनवर जगतं आणि बिघडलं तर इथेच उघडता येतं. इंटरनेटवर लोक ज्याचं कौतुक करतात ते बहुतेकदा त्यांच्या घरासाठी चांगलं असतं.

गेम न ठरवता मशिन घेणं

मला फोन येतो, "कमोडोर ६४ पाहिजे." हाही स्पेक्ट्रमसारखाच जुना होम कॉम्प्युटर. मी विचारतो, कोणता गेम खेळायचा? उत्तर येतं, "डेव्ह, प्रिन्स." म्हणजे यांना डेंजरस डेव्ह आणि प्रिन्स ऑफ पर्शिया हवेत. नव्वदीत आपल्या तालुक्याच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये हे गेम डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या, पीसीवर पाहिलेले. आठवण त्या रूपाची आहे, तर त्यासाठी ३८६ किंवा ४८६ प्रोसेसरचा पीसी बघा. कमोडोर घेऊन तो काळ परत येणार नाही.

मारिओ आणि कॉन्ट्रा आठवत असतील तर तो टीव्ही गेम. निन्टेन्डोचा फॅमिकॉम जपानमध्ये १९८३ मध्ये आला आणि त्याच्या नकला आपल्या बाजारात भरभरून विकल्या गेल्या. यातल्या काही नकला कीबोर्डच्या आकाराच्या होत्या, त्यामुळे आजही "जुना कॉम्प्युटर" म्हणून विकल्या जातात. फसू नका. वरच्या खाचेत ६० पिनची कॅसेट बसत असेल तर तो टीव्ही गेमच आहे. (आपल्याकडे त्या डब्यालाही कॅसेटच म्हणतात, त्यामुळे फोनवर बोलताना हमखास घोळ होतो. फोटो मागवा.) त्यातल्या बऱ्याच नकलांत बोर्डावर काळा डांबरासारखा ठिपका असतो, त्याखाली सगळी चिप. तो ठिपका गेला की दुरुस्ती नाही. आणि या टीव्ही गेमचा नऊ पिनचा रिमोट कमोडोरला किंवा अटारी कंपनीच्या मशिनला लावू नका. प्लग बसतो, आतली वायरिंग वेगळी असते.

स्पेक्ट्रम, कमोडोर ६४, बीबीसी मायक्रो ही खरी होम कॉम्प्युटरची मंडळी. स्पेक्ट्रम आणि कमोडोर १९८२ चे, बीबीसी मायक्रो १९८१ च्या शेवटचा. आवाज ऐकायचा तर कमोडोर. त्याच्या सिड चिपला तोड नाही. एलिट हा अंतराळातल्या व्यापाराचा गेम १९८४ मध्ये आधी बीबीसीवर आला, त्याची ओढ असेल तर बीबीसी. आणि पहिलंच मशिन असेल तर माझं मत स्पेक्ट्रम प्लस ४८के. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने तो परवान्याने डीबी स्पेक्ट्रम म्हणून विकला, त्यामुळे कधी कधी इथेच सापडतो. आत मोजक्या चिपा आहेत, सगळ्या मोठ्या पायांच्या, साध्या सोल्डरिंग गनने निघतात. कीबोर्डच्या आतली पातळ मेम्ब्रेन जुनी झाली की कडक होऊन तुटते, पण ती आजही नवी बनते. फक्त यूएलए नावाची सिंक्लेअरची स्वतःची चिप शाबूत आहे ना, हे बघूनच पैसे द्या. मशिन चालू करून सिंक्लेअर रिसर्चची ती ओळ दिसली, पंधरा मिनिटं टिकली, सगळी बटणं उमटली, म्हणजे झालं. पडद्यावर रंगीत चौकोन किंवा उभे पट्टे थांबून राहिले तर रॅम किंवा टीआर ४ ट्रान्झिस्टर गेलेला, त्या हिशेबाने भाव पाडा. १६के वाला स्वस्तात मिळतो म्हणून घेऊ नका, बहुतेक चांगल्या गेमना ४८के लागते.

सोबत आलेला जुना सप्लाय तसाच लावणं

सगळ्यात जास्त मशिन या एका चुकीने गेलेली मी पाहिली.

कमोडोर ६४ चा सप्लाय विटेसारखा जड असतो. त्यातून दोन गोष्टी निघतात: ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी. आतला रेग्युलेटर म्हातारा झाला की ५ च्या जागी जास्त व्होल्ट सोडतो आणि रॅमच्या चिपा एका झटक्यात जातात. बऱ्याच विटा आतून रेझिनने भरलेल्या असतात, उघडून दुरुस्त करता येत नाहीत. मीटरवर आज ५.०५ दिसले म्हणजे उद्या गरम झाल्यावर तेवढेच राहतील असं नाही. जुनी वीट कपाटात ठेवा आणि नवा सप्लाय वापरा. मशिनच्या किमतीत तो खर्च धरूनच सौदा करा. अमेरिकेतून आलेला कमोडोर असेल तर वीट ११० व्होल्टची, आपल्या २३० वर ती लावायचीच नाही. शिवाय तो एनटीएससी, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीचा, सेकंदाला ६० चौकटींचा. युरोपातले गेम पॅल या तिथल्या आणि आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीच्या ५० चौकटींवर बेतलेले असतात. ते त्याच्यावर वेगात पळतात, काही मध्येच तुटतात. भारतात पॅलचाच घ्या.

बीबीसी मायक्रोचा सप्लाय आत असतो आणि त्यात रिफा कंपनीचे दोन कपॅसिटर, ०.१ आणि ०.०१ मायक्रोफॅरडचे. पारदर्शक पिवळसर खोक्यात आतला गुंडाळा दिसतो. आपल्याकडच्या उन्हाने त्या खोक्याला केसासारख्या चिरा जातात, पावसाळ्यात त्या चिरांतून ओल शिरते, आणि एक दिवस चालू केल्यावर दोन-चार मिनिटांनी दाट पांढरा धूर निघतो. वास असा की दोन दिवस खोलीतून जात नाही. मशिन बहुधा वाचतं, पण घरातली माणसं घाबरतात आणि ते परत भंगारात जातं. शाळांसाठीच्या 'क्लास' नावाच्या सरकारी प्रकल्पात १९८४ पासून बीबीसी मायक्रो वापरले गेले, सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने ते इथे बनवलेही. शाळेच्या जुन्या सामानात असा डबा दिसला तर तिथेच प्लग लावून दाखवा असा आग्रह धरू नका. घरी आणा, हे दोन कपॅसिटर काढून २७५ व्होल्ट एसीचे नवे एक्स-२ (मेन लाइनवर लावायच्या सुरक्षित) दर्जाचे बसवा, मग चालू करा. सप्लायची पेटी उघडण्याआधी प्लग काढून ठेवा आणि मोठा कपॅसिटर डिस्चार्ज करा.

जुन्या पीसीच्या मागे लाल सरकपट्टी असते, ११५ आणि २३०. ती बघितल्याशिवाय वायर जोडू नका.

आणि आपली लाइन. रब्बीत संध्याकाळी मोटारी सुरू असल्या की व्होल्टेज १७० पर्यंत उतरलेलं मी मोजलंय. थ्री फेज गेली आणि सगळ्या मोटारी एकदम बंद झाल्या की तेच उसळतं. डीपीवर न्यूट्रल सुटला तर काय होतं हे प्रत्येक गावाला माहीत आहे. चांगला स्टॅबिलायझर लावा, अर्थिंग खरी आहे का तपासा. स्वस्त इन्व्हर्टर साइन वेव्ह देत नाही. जुने ट्रान्सफॉर्मर त्यावर गुणगुणतात आणि तापतात, म्हणून लाइन गेली की गेम बंद. मृगाच्या पावसात गडगडाट सुरू झाला की बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढा.

टीव्ही न बघता मशिन घेणं

स्पेक्ट्रमचं चित्र अँटेनाच्या वायरने जातं, यूएचएफ चॅनल ३६ वर. गावातल्या जुन्या ब्लॅक अँड व्हाइट सेटमध्ये अनेकदा फक्त व्हीएचएफ असतं, तिथे कितीही ट्यूनिंग फिरवा, काही येणार नाही. पोर्टेबल कलर टीव्हीत येतं.

ब्रिटनमधला कमोडोर अँटेनातून लावला तर आपल्या टीव्हीवर चित्र येतं आणि आवाज येत नाही, नुसती खरखर. लोक म्हणतात सिड चिप गेली. चिप ठणठणीत असते. ब्रिटनच्या प्रसारणात आवाज चित्रापासून ६ मेगाहर्ट्झवर, आपल्याकडे ५.५ वर, म्हणून टीव्हीला तो सापडतच नाही. एव्ही वायरने जोडा, आवाज येतो. स्पेक्ट्रमला हा त्रास नाही, कारण ४८के चा आवाज त्याच्या स्वतःच्या पोटातल्या छोट्या स्पीकरमधून येतो. त्यालाही मॉड्युलेटर, म्हणजे चित्र अँटेनाच्या सिग्नलवर चढवणारी डबी, बाजूला करून एव्ही काढता येतं, अर्ध्या तासाचं काम आहे.

काही नव्या एलईडी टीव्हींना ही जुनी चित्रं ओळखू येत नाहीत, 'सिग्नल नाही' म्हणतात. पैसे देण्याआधी मशिन आपल्याच टीव्हीला लावून बघा. ते जमत नसेल तर शेजाऱ्याच्या अडगळीतला पिक्चर ट्यूबवाला कलर सेट मागून घ्या, या गेमना तोच शोभतो. मात्र त्याचं मागचं झाकण मेकॅनिकशिवाय कोणी उघडू नये.

बॅटरी न बघणं

३८६-४८६ च्या मदरबोर्डवर आणि अमिगा ५०० या कमोडोरच्याच नंतरच्या कॉम्प्युटरच्या जादा रॅमच्या कार्डावर निळी किंवा हिरवी पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती फुटून गळते आणि आजूबाजूच्या तांब्याच्या रेषा खाते. बॅटरीभोवती हिरवट-पांढरी बुरशी दिसली की विक्रेत्याच्या "चालू आहे"वर विसंबू नका. बोर्ड ठीक असेल तर घरी आल्याबरोबर बॅटरी कापून काढा, जागा पांढऱ्या व्हिनेगरने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, आणि पूर्ण वाळू द्या.

लोड होत नाही म्हणून मशिनला दोष देणं

स्पेक्ट्रमवर टेपचा गेम लोड व्हायला चार-पाच मिनिटं लागतात. 'आर टेप लोडिंग एरर' आला तर दहापैकी नऊ वेळा चूक टेपरेकॉर्डरची. त्याचा पट्टा चिकट झालेला असतो किंवा हेड तिरपं. हेडजवळच्या बारीक स्क्रूने अगदी थोडं थोडं फिरवा. टेपची किरकिर जिथे सर्वांत टोकदार ऐकू येईल तिथे थांबा.

टेपरेकॉर्डर नसेल तर गेमची ऑडिओ फाइल मोबाइलवर घेऊन वायर 'इअर' सॉकेटला लावा. मोबाइल एअरप्लेन मोडवर, इक्वलायझर बंद, आवाज जवळपास पूर्ण. कडेला आधी लाल-निळसर जाड पट्टे, मग निळे-पिवळे बारीक पट्टे आले म्हणजे मशिन ऐकतंय. लाल पट्टे अडखळत असतील तर मोबाइलचा आवाज कमी पडतोय. मध्ये एखादा छोटा ॲम्प्लिफायर घाला. त्या पोराचं हेच झालं. घरी नेल्यावर रात्री फोन, "लोड होत नाही, पुन्हा बिघडला." मी म्हटलं, पट्टे कसे दिसतात ते सांग. त्याने सांगितलं, आणि बहिणीच्या ब्लूटूथ स्पीकरमध्ये हेडफोनची जागा होती, तिथून वायर काढायला लावली. तिसऱ्या वेळी फोनवर मागून सगळ्या घराचा आरडाओरडा ऐकू आला.

आता तो स्पेक्ट्रम टिनाच्या खोलीतून खाली आणून मातीच्या भिंतीच्या खोलीत, पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. सोबत सिलिका जेलच्या पुड्या आणि वायर जिथून आत जाते तिथे उंदरासाठी जाळी. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच तो लावायचा नाही, असं त्याच्या आजीने ठरवलंय, आणि यूएलए किती तापते ते पाहता माझंही तेच सांगणं आहे.