ठरवून घेतलेल्या हप्त्यांवर कर्ज फेडताना

दोन क्रेडिट कार्डे, एक वैयक्तिक कर्ज, कार्यालयातील पतसंस्थेचे देणे आणि नातेवाइकांची थोडीफार उसनवारी, एवढे सारे एकत्र झाले की पगाराच्या दिवशीच पगार संपतो. अशा वेळी प्रत्येक देणेकऱ्याशी बोलून, झेपतील इतके हप्ते ठरवून, ते काही वर्षे न चुकता भरत राहणे हा सर्वांत सरळ मार्ग आहे. आपल्याकडे पगारदार माणसाला अशी योजना कायद्याने बांधून मिळत नाही. २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेतील सामान्य व्यक्तींसाठीची प्रकरणे अजून प्रत्यक्षात आलेली नाहीत, आणि जुन्या नादारी कायद्यांची वाट लांब आणि किचकट आहे. म्हणून ही योजना म्हणजे प्रत्यक्षात प्रत्येक देणेकऱ्याने स्वतंत्रपणे दिलेल्या लेखी संमतींचा गठ्ठा असतो. तो मोडतो तेव्हा बहुधा व्याजामुळे मोडत नाही. सुरुवातीला देणेकऱ्यांना खूश करण्यासाठी घरखर्च कमी दाखवून मोठा हप्ता कबूल केलेला असतो, आणि तो पहिल्याच जून महिन्यात चुकतो.

आधी घर, मग हप्ता

हप्ता ठरवण्याची योग्य दिशा देणेकऱ्याच्या मागणीकडून घराकडे जात नाही, ती घराकडून देणेकऱ्याकडे जाते. उदाहरणादाखल नाशिकमधील एक काल्पनिक कुटुंब घेऊ. हातात येणारा पगार ४८,००० रुपये आहे. घरभाडे ९,०००, किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून १२,०००, वीज, पाणी आणि फोन २,५००, प्रवास ३,०००, शाळा व शिकवणी ३,००० आणि वृद्ध आईचे औषधपाणी २,५०० असा महिन्याचा खर्च ३२,००० होतो. कागदावर १६,००० रुपये उरतात आणि बहुतेक लोक इथेच थांबून बँकेला १६,००० कबूल करून बसतात.

वर्षातून एकदाच येणारे खर्च या हिशेबात कुठेच नाहीत. जूनमधील वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेची फी यांचे १८,०००, विम्याचे हप्ते १२,०००, गणपती आणि दिवाळी मिळून १५,०००, गावची जत्रा आणि जाण्यायेण्याचा खर्च ६,०००, लग्नकार्यांतील आहेर ९,००० आणि दुचाकीचा विमा व दुरुस्ती ६,००० अशी बेरीज ६६,००० वर जाते, म्हणजे महिन्याला ५,५००. आणीबाणीसाठी दरमहा १,५०० रुपये वेगळे ठेवले की हप्त्यांसाठी खरोखर ९,००० रुपये उरतात. हा आकडा लाजिरवाणा वाटला तरी तोच खरा आहे. आहेराचे पैसे हिशेबात धरावेत का, असे कोणी विचारेल. धरावेत, कारण आपल्या समाजात ते दिले जातातच, आणि हिशेबात नसले तर हप्त्यातून जातात. मात्र पाकिटातील रक्कम कमी करण्याची तयारी ठेवावी आणि ती पतिपत्नींनी आधीच एकमताने ठरवावी. जोडीदारापासून लपवलेली योजना टिकत नाही, कारण वर्षाच्या खर्चांची निम्मी यादी त्याच्याच डोक्यात असते.

साठ-सत्तर हजारांचा हा वार्षिक निधी पगाराच्या खात्यात ठेवू नये. त्यासाठी दुसऱ्या बँकेत आवर्ती ठेव उघडावी आणि ती शक्यतो मे महिन्यात मुदत संपणारी असावी.

कोणाला किती, आणि कोणाला आधी

सगळी देणी सारख्या वजनाची नसतात. गृहकर्जाचा हप्ता चुकला तर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली घरावर टाच येऊ शकते. सोनेतारण सुटले नाही तर दागिन्यांचा लिलाव होतो, आणि वीजबिल थकले तर जोडणी तुटते. यांचे हप्ते वरच्या घरखर्चातच धरावेत आणि आधी भरावेत. पतसंस्थेचे कर्जही याच रांगेत ठेवावे, असे माझे मत आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ४९ नुसार पगारदार पतसंस्थेचा हप्ता मालकाकडून पगारातूनच कापला जाऊ शकतो. कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवून संस्था कर्जदाराकडे जाते तशीच जामीनदाराकडेही जाते, आणि जामीनदार हा बहुधा शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी असतो. बँकेशी बिघडलेले संबंध पुढे सुधारता येतात, पण दुसऱ्याच्या पगारातून आपला हप्ता गेला की ती कटुता निवृत्तीनंतरही राहते. भिशीची रक्कम आधीच उचलली असेल तर उरलेल्या वर्गण्या हेही कर्जच आहे, ते यादीत लिहावे.

उरलेल्या विनातारण देण्यांत रक्कम येण्याच्या, म्हणजे प्रत्येकाच्या बाकी रकमेच्या, प्रमाणात वाटावी. समजा पहिल्या कार्डाचे येणे १,३५,००० रुपये, वैयक्तिक कर्जाचे ९०,००० आणि दुसऱ्या कार्डाचे ४५,००० आहे. ९,००० रुपयांपैकी अनुक्रमे ४,५००, ३,००० आणि १,५०० असे त्यांच्या वाट्याला येतात. प्रत्येक देणेकऱ्याला हाच तक्ता, सर्वांची नावे आणि वाटे दाखवून द्यावा. जो अधिक आरडाओरडा करील त्याला अधिक, अशी वाटणी आपण करत नाही हे त्यामुळे त्याला दिसते, आणि बोलणी करताना हा कागदच आपल्या बाजूने बोलतो.

व्याजाविषयी ठरल्याशिवाय मात्र एक रुपयाही कबूल करू नये. महिन्याला साडेतीन टक्के हा क्रेडिट कार्डाचा सर्रास आढळणारा दर धरला तर १,३५,००० रुपयांवर महिन्याचे व्याज ४,७२५ रुपये होते. आपला हप्ता ४,५०० रुपयांचा. म्हणजे व्याजावरील जीएसटी बाजूला ठेवला तरी हे कर्ज दरमहा हप्ता भरूनही वाढतच राहील. तेच येणे वर्षाला १८ टक्क्यांच्या समान हप्त्यांत बदलून मिळाले तर त्याच ४,५०० रुपयांत, जीएसटी धरूनही, ते चार वर्षांच्या आत फिटते. तिन्ही देण्यांवरील व्याज पूर्ण थांबले तर एकूण २,७०,००० रुपये ३० महिन्यांत फिटतात, आणि वर्षाला १२ टक्के राहिले तर ३६ महिन्यांत. बोलणी करताना हप्त्याच्या रकमेवर घासाघीस करण्याऐवजी दरावर करावी, हे या आकड्यांवरून उघड आहे. कर्जाच्या बाबतीत आणखी एक आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ च्या सूचनांनुसार हप्ता थकल्यास बँकेने व्याजदरातच दंडाची भर घालायची नाही. दंड हा वेगळा आकार असतो आणि त्यावर पुन्हा व्याज चढवता येत नाही. क्रेडिट कार्डांना ही सूचना लागू नाही.

बँकेचा अधिकारी येथे बहुधा दुसरी वाट सुचवतो: एकरकमी तडजोड. मूळ रकमेत सूट मिळते म्हणून ती आकर्षक दिसते. पण अशा खात्याची नोंद पतअहवालात, म्हणजे आपल्या कर्जफेडीच्या नोंदींच्या अहवालात, ‘सेटल्ड’ अशी होते, पूर्ण फेडीची होत नाही. ही एक रक्कम उभी करण्यासाठी मंगळसूत्र किंवा भविष्यनिर्वाह निधी मोडायची वेळ येणार असेल तर ती वाट टाळावी. ज्यांच्याकडे जमिनीचा वाटा विकून किंवा निवृत्तीचा लाभ मिळून खरोखर रक्कम येणार आहे, त्यांच्यासाठी ती ठीक आहे. शुल्क घेऊन तडजोड करून देणाऱ्या कंपन्या सर्वच हप्ते बंद करून पैसे आमच्याकडे साठवा असे सांगतात. त्या काळात व्याज, दंड आणि नोटिसा या तिन्ही गोष्टी तुमच्याच नावावर वाढतात, हे त्यांच्या जाहिरातीत लिहिलेले नसते.

पहिल्या हप्त्याच्या आधी

ठरलेली प्रत्येक गोष्ट बँकेच्या पत्रावर किंवा अधिकृत ईमेलवर घ्यावी: येणे रक्कम, दर, हप्ता, मुदत, आणि अखेरीस राहिलेले दंड माफ होतील की नाही. फोनवर दिलेला शब्द त्या माणसाची बदली झाली की संपतो.

त्यानंतर जुन्या ऑटो डेबिटचा, म्हणजे खात्यातून आपोआप हप्ता कापण्याच्या सूचनेचा, बंदोबस्त करावा. नवा हप्ता ठरला तरी जुन्या मोठ्या हप्त्याची सूचना बँकेत तशीच राहिली, तर ती दरमहा परत येते आणि प्रत्येक वेळी दोन्ही बाजूंचा दंड लागतो. कर्ज थकणे हा मुळात दिवाणी मामला आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. परंतु धनादेश परत गेला तर परक्राम्य संलेख अधिनियमाचे कलम १३८ आणि ऑटो डेबिट परत गेले तर २००७ च्या देयक व तडजोड प्रणाली अधिनियमाचे कलम २५ लागू होऊ शकते, आणि ही दोन्ही फौजदारी कलमे आहेत. म्हणून नव्या करारात जुने कोरे धनादेश परत मागावेत आणि जुनी सूचना रद्द केल्याची पोच घ्यावी. ज्या बँकेचे कर्ज थकले आहे तिथेच पगार जमा होत असेल तर कार्यालयाला अर्ज देऊन पगाराचे खाते दुसऱ्या बँकेत न्यावे. थकबाकीपोटी बँक त्याच ग्राहकाच्या खात्यातील रक्कम वळती करून घेऊ शकते, आणि तसे झाले तर वाटणीचा सगळा तक्ता एका रात्रीत कोलमडतो.

फोन, दार आणि न्यायालय

योजना सुरू झाल्यावरही काही महिने फोन येत राहतात, कारण बँकेचा एक विभाग संमती देतो आणि वसुलीचा दुसरा विभाग आपल्या जुन्या यादीवरून काम करतो. वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. सूक्ष्म कर्जांसाठी ही वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६ अशी आहे. नातेवाइकांना किंवा कार्यालयात फोन करून बदनामी करणे, धमकावणे हे त्याला करता येत नाही. त्याच्याशी वाद घालण्यात काही हशील नाही. ओळखपत्र व बँकेचे अधिकारपत्र मागावे, संमतिपत्राचा दिनांक सांगावा, फोनची तारीख, वेळ आणि क्रमांक वहीत लिहावा आणि रोख रक्कम मुळीच देऊ नये. तक्रार आधी बँकेकडे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येते. पतसंस्था लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत, त्यांची तक्रार सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयात द्यावी लागते.

लोकअदालतीची नोटीस आली की घरात घबराट पसरते, आणि बरेच जण तिकडे फिरकतच नाहीत. हे चूक आहे. तिथे बँकेचा सही करण्याचा अधिकार असलेला माणूस समोर बसलेला असतो आणि आपला तक्ता दाखवण्याची ती उत्तम जागा आहे. मात्र तिथे झालेल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ असते व त्यावर अपील नसते, त्यामुळे ९,००० च्या बाहेरचा आकडा तिथल्या गडबडीत कबूल करू नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि ठरावीक उत्पन्नाखालील लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. प्रकरण पगारजप्तीपर्यंत गेलेच तरी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० नुसार पगारातील पहिले १,००० रुपये आणि उरलेल्यातील दोन तृतीयांश सामान्यतः जप्त करता येत नाहीत.

मधली वर्षे

अवघड काळ सुरुवातीचा नसतो, दुसऱ्या वर्षाचा असतो. फोन थांबलेले असतात, पण कर्ज अर्धेही उतरलेले नसते आणि मुलाला सायकल हवी असते. या काळात मोबाइलवरील कर्ज ॲप आणि गल्लीतला सावकार हे दोघे फार सोपे वाटतात. परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांपर्यंत व्याज घेण्याची मर्यादा महाराष्ट्र शासनाने २०१४ च्या कायद्याखाली घातलेली आहे. महिना दहा टक्क्यांनी पैसे देणारा माणूस या मर्यादेच्या कितीतरी बाहेर आहे, आणि त्याची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करता येते. हप्ता भरण्यासाठी नवे कर्ज घ्यायचे नाही, हा या वर्षांतील एकमेव कडक नियम ठेवावा. एखाद्या महिन्यात खरोखरच भरता येणार नसेल तर हप्त्याच्या तारखेआधी सर्व देणेकऱ्यांना लेखी कळवून सर्वांचाच वाटा सारख्या प्रमाणात कमी द्यावा. पगार वाढला किंवा बोनस मिळाला तर आधी वार्षिक निधी पुरा करावा आणि उरलेले सर्वाधिक व्याजाच्या देण्यावर टाकावे.

झोप उडाली, जीव नकोसा वाटू लागला, तर ते कोणाला तरी सांगावे. केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शेवटचा हप्ता गेल्यावर महिनाभरात प्रत्येक देणेकऱ्याकडून नो ड्यूज दाखला घ्यावा, राहिलेले धनादेश परत घ्यावेत, ऑटो डेबिट रद्द करावे आणि जामीनदाराला मुक्त केल्याचे पत्र त्याच्या हातात द्यावे. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही संस्था वर्षातून एकदा पूर्ण पतअहवाल मोफत देतात. तो काढून प्रत्येक खाते बंद दाखवले आहे का, ते पाहावे. चूक आढळल्यास तक्रार नोंदवावी. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.