इंजिनिअरिंगच्या कामासाठी विंडोज, मॅक की लिनक्स? या चुका टाळा

नवी मुंबईतलं महापे असो, तुर्भे असो की ठाण्याचं वागळे इस्टेट, नवीन लागलेली मुलं एकच विचारतात, "कुठला लॅपटॉप घेऊ?" अहो, आधी रोज कुठलं सॉफ्टवेअर उघडायचंय ते सांगा. त्याच्या सिस्टीम रिक्वायरमेंट्स वाचा. पैसे त्यानंतर.

हे न केल्याने मॅक घेऊन फसलेले सर्वात जास्त. सॉलिडवर्क्स (मशीनचे भाग), रेव्हिट (इमारती), स्टॅड प्रो, ईटॅब्स (स्ट्रक्चर) ही डिझाइनची सॉफ्टवेअर सगळी फक्त विंडोजची. ऑटोकॅड मॅकवर मिळतं, पण मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल हे टूलसेट (त्या शाखांची खास साधनं) त्यात नाहीत. एफपीजीए म्हणजे हवं तसं सर्किट बसवता येणारी चिप, त्यावर काम करणाऱ्यांचं विवाडो विंडोज आणि लिनक्सवर चालतं, मॅकवर नाही. २०२० पासून आलेल्या अ‍ॅपल चिपच्या मशीनवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर विंडोज टाकायची सोय, तीही नाही. पॅरलल्समध्ये (मॅकच्या आत विंडोज चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं ते एआरएम प्रकारच्या चिपसाठीचं वेगळं विंडोज. व्हिडिओत सॉलिडवर्क्स उघडलेलं दिसतं म्हणून भुलू नका. मोठी असेंब्ली (अनेक भाग जोडलेलं मॉडेल) अडकली की सपोर्टवाले हात वर करतात. मॅटलॅब (गणितं) किंवा कायकॅड (सर्किट बोर्ड) एवढ्यापुरतं काम असेल तर मॅक खुशाल घ्या.

दुसरी चूक घाईची, आणि तिचा मला फार राग येतो. नवी मुंबईतल्या पावणे इथल्या एका डिझाइन ऑफिसात एका ट्रेनी पोराला ओपनफोम (हवा-पाण्याच्या प्रवाहाची गणितं करणारं सॉफ्टवेअर) शिकायचं होतं. जेवणाच्या सुट्टीत त्याने स्वतःच्या लॅपटॉपवर विंडोजशेजारी उबंटू (लिनक्सचा एक प्रकार) टाकलं आणि कुठल्याशा व्हिडिओत बघून बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, सिक्युअर बूट (अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारं संरक्षण) बंद केलं. परत विंडोजमध्ये जायला गेला तर निळा पडदा: बिटलॉकरची (ड्राइव्हला कुलूप लावणारी विंडोजची सोय) ४८ आकडी रिकव्हरी की टाका. ड्राइव्ह एन्क्रिप्टेड आहे हेच त्याला माहीत नव्हतं. नव्या लॅपटॉपवर ते बरेचदा आपोआप चालू असतं. ती रिकव्हरी की होती कॉलेजच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर, आणि पास झाल्यावर ते अकाउंट बंद झालेलं. मला बोलावलं तेव्हा हातात करण्यासारखं काही उरलं नव्हतं. सोमवारी द्यायचा पायपिंग लेआउट त्याच ड्राइव्हवर होता. बॅकअप नाही. शेवटी फॉरमॅट.

माझी सवय अशी: मशीन हातात आलं की पहिल्याच दिवशी रिकव्हरी की छापून लॅपटॉपच्या बिलासोबत घरी फाइलमध्ये ठेवायची. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर सस्पेंड करायचा. दोन सिस्टीम हव्याच असतील तर दोन वेगळ्या एसएसडी. आणि त्या पोराला एवढ्या उठाठेवीची गरजच नव्हती. ओपनफोम डब्ल्यूएसएल २ मध्ये, म्हणजे विंडोजच्या आतच चालणाऱ्या लिनक्समध्ये, व्यवस्थित चालतं. फक्त केसचे, म्हणजे एकेका गणिताचे, फोल्डर उबंटूच्या होममध्ये ठेवा. सी ड्राइव्हवर ठेवलेत तर फाइल वाचण्या-लिहिण्यातच जीव जातो, आणि मग लोक सॉल्व्हरला, म्हणजे गणित सोडवणाऱ्या प्रोग्रामला, नावं ठेवतात.

विंडोजवर कंपाइल होणारा कोड लिनक्सवर "फाइल सापडत नाही" म्हणाला, तर नावातली कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा. लिनक्सला फरक कळतो. म्हणून मी सगळी नावं स्मॉलमध्येच देतो.

ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन सिस्टीम, केल्यानंतर घड्याळ साडेपाच तास चुकलं तर ते बिघडलेलं नाही. विंडोज मदरबोर्डवर स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाण वेळ.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. नवीन सेटअप त्यावर करू नका.

क्रॅक केलेली कॉपी माझ्यासमोर आणू नका. बहुतेक कंपन्यांच्या स्टुडंट आवृत्त्या फुकट नाहीतर स्वस्तात मिळतात, तेवढा अर्ज भरायचा धीर धरा.

आणि सॉलिडवर्क्स असलेलं मशीन फॉरमॅट करण्याआधी लायसन्स डीअ‍ॅक्टिव्हेट करा, नाहीतर नव्या इन्स्टॉलवर ते अडकतं आणि रिसेलरच्या मागे लागावं लागतं.