मुंबईची गाडी बर्फात नेताना: विंटर टायर घ्यावेत का, आणि न घेता कसं जावं

डिसेंबर जवळ आला की सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतंच: यंदा आपलीच गाडी घेऊन मनालीला जायचंय, टायर बदलावे लागतील का? माझं मत पक्कं आहे. मुंबईत राहून वर्षातून एकदा बर्फ बघणाऱ्याने विंटर टायर विकत घेऊ नयेत. तो पैसा चांगल्या खाचांचे साधे टायर आणि चेनची (बर्फात टायरवर चढवायच्या साखळ्यांची) एक जोडी यांवर घालावा. आणि ज्या दिवशी ताजा बर्फ पडतोय, त्या दिवशी गाडी हॉटेलवर उभी करून तिथल्या ड्रायव्हरच्या फोर बाय फोरमध्ये, म्हणजे इंजिन चारही चाकं फिरवतं अशा गाडीत, बसावं.

आधी टायरचा हिशोब

विंटर टायरची खरी करामत रबरात असते. साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली आपल्या नेहमीच्या टायरचं रबर कडक होत जातं आणि पकड सुटते. विंटर टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. अशा टायरवर तीन शिखरं आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. नुसतं ‘एम प्लस एस’ लिहिलेलं असेल तर त्यावर विसंबू नका. ते खाचांच्या नक्षीबद्दल असतं, त्यासाठी बर्फावरची चाचणी लागत नाही.

पण मुंबई ते मनाली हे अंतर दोन हजार किलोमीटरच्या आसपास आहे आणि त्यातला बर्फाचा तुकडा अगदी शेवटचा. बाकी सगळा गुजरात, राजस्थान, हरियाणा, पंजाबचा डांबरी हायवे. तिथे दुपारच्या उन्हात हे मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायलाही जास्त अंतर लागतं. परत आल्यावर ते चार टायर ठेवणार कुठे, हा प्रश्न आपल्याकडच्या घरांत वेगळाच.

युरोपात गाडी भाड्याने घेणाऱ्यांसाठी मात्र माझा सल्ला नेमका उलटा. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर हिवाळी टायर 2010 पासून सक्तीचे आहेत आणि ऑक्टोबर 2024 पासून हिमकणाचं चिन्ह असलेलेच चालतात. किल्ली हातात घेण्याआधी चारही टायरवर ते चिन्ह बघा. तिथे आठवडेच्या आठवडे थंडी असते, त्यामुळे तो खर्च पुरेपूर वसूल होतो.

निघण्याच्या पंधरा दिवस आधी

टायरवाल्याकडे जाऊन खाचांची खोली मोजून घ्या. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, बर्फात ती अजिबात पुरत नाही. 4 मिलिमीटरच्या खाली असेल तर टायर बदलूनच निघा. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, तेही वाचा: 3522 म्हणजे 2022 सालच्या 35 व्या आठवड्यातला टायर. मुंबईत गाडी कमी चालते, म्हणून खाचा शाबूत आणि रबर मात्र जुनं, असं पुष्कळदा आढळतं. स्टेपनीही याच नजरेने तपासा.

मग कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रावण. आपल्याकडे पातळी कमी दिसली की साधं पाणी ओतायची सवय असते. मुंबईत ते खपून जातं, शून्याखाली पाणी गोठून फुगतं आणि इंजिनाला तडा जाऊ शकतो. पूर्ण कूलंट काढून योग्य प्रमाणातलं नवं भरून घ्या. काच धुण्याच्या टाकीतलं पाणीही काढा आणि न गोठणारं द्रावण भरा. बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर तपासून घ्या, थंडीत तिची ताकद बरीच घटते.

डिझेल गाडी असेल तर खालच्या डिझेलने टाकी भरून वर चढू नका. कडक थंडीत साध्या डिझेलमधलं मेण गोठतं आणि फिल्टर तुंबतो. इंडियन ऑइलने 2019 मध्ये लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं, ते याच अडचणीवर. टाकी जवळजवळ रिकामी करत वर जा आणि तिथल्या पंपावर भरा.

चेन घरीच चढवून बघा

हे टाळू नका. चेन टायरच्या मापाची लागते, म्हणून टायरवरचं पूर्ण माप टिपून घेऊनच खरेदी करा. गाडीचं मॅन्युअलही उघडा. काही गाड्यांत चाक आणि सस्पेन्शनमध्ये जागा इतकी कमी असते की जाड चेन चालत नाही, तिथे कापडी आवरणं वापरतात. मनालीत चेन भाड्यानेही मिळतात, पण गर्दीच्या दिवशी आपल्या मापाची मिळेलच असं नाही.

इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच चेन लावायची. आपल्या बहुतेक हॅचबॅक आणि सेडानमध्ये ती पुढची चाकं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये चेन जमिनीवर पसरा, पीळ सोडवा, मागची कडी चाकाच्या आतल्या बाजूला हात घालून अडकवा, मग जाळी टायरवर ओढून बाहेरची कडी लावा आणि ताण द्या. गाडी दोन-चार फूट पुढे घ्या, चेन सैल झालेली दिसेल. पुन्हा ताणा. पहिल्यांदा अर्धा तास सहज जातो आणि आतली कडी चाचपडत शोधावी लागते. हेच काम उणे पाच अंशांत, हातमोजे घालून, मागे हॉर्न वाजत असताना करायचं आहे. हातांना सवय झाली की तिथे घाबरायला होत नाही.

चेन लावल्यावर 30 ते 40 च्या वर जाऊ नका आणि कोरडं डांबर लागलं की लगेच काढा. नाहीतर चेन, टायर आणि रस्ता, तिन्हींचं नुकसान होतं.

वर पोचल्यावर

सकाळी गाडी हलवण्याआधी हवा तपासा. थंडीने टायरमधला दाब उतरतो, उंचीमुळे मीटरवर थोडा वाढलेला दिसतो, आणि दोन्ही मिळून मुंबईत भरलेल्या 33 पीएसआयचे मनालीत 30-31 होऊ शकतात. कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. बर्फात पकड मिळावी म्हणून हवा कमी करायचा सल्ला रस्त्यावर मिळेल, तो ऐकू नका.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर तो सकाळी गोठलेला मिळू शकतो. सपाट जागा बघा, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकांना दगड लावा. वायपर काचेपासून उचलून ठेवा. काचेवरचा बर्फ खरवडून काढा, गरम पाणी मात्र ओतू नका, काच तडकते.

मनालीच्या पुढचा अटल बोगदा 2020 मध्ये सुरू झाल्यापासून हिवाळ्यातही पलीकडच्या सिस्सू गावापर्यंत जाता येतं, पण बर्फ पडला की पोलीस वाटेतच अडवतात आणि फोर बाय फोर किंवा चेन असलेल्या गाड्याच पुढे सोडतात. तिथे हुज्जत घालू नका.

चालवताना

पहिल्या पावसात हायवेवर तेलकट थर वर येतो तेव्हा आपण जशी गाडी चालवतो, तीच हलकी पावलं इथे लागतात, फक्त कितीतरी जास्त सांभाळून. सुटताना दुसरा गिअर आणि क्लच अगदी हळू. ब्रिटनची वाहतूक नियमावली, हायवे कोड, बर्फाळ रस्त्यावर पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दहापटीपर्यंत अंतर ठेवायला सांगते. चढावर शक्यतो थांबू नका: पुढची गाडी वर पोचेपर्यंत खालीच वाट बघा. उतारावर आधीच खालच्या गिअरमध्ये या आणि वेग इंजिनाला धरू द्या.

पांढरा बर्फ निदान दिसतो. जास्त धोका काळ्या, ओलसर चकाकणाऱ्या पातळ थराचा. सावलीतली वळणं, पूल, आणि डोंगरातून रस्त्यावर आलेलं पाणी रात्री गोठतं तिथे तो असतो. म्हणून सकाळी ऊन रस्त्यावर आल्याशिवाय निघू नका आणि अंधार पडायच्या आत परत या. गाडी घसरलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, क्लच दाबा, जिथे जायचंय तिकडे नजर ठेवून स्टिअरिंग हळू फिरवा. एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल आणि थांबायचंच असेल तर ब्रेक घट्ट दाबून ठेवा, पायाखाली थरथर जाणवेल, पाय उचलू नका. फोर बाय फोरवाल्यांनीही लक्षात घ्यावं: चारही चाकांना मिळणारी ताकद गाडी पुढे काढते, थांबवायला तिचा उपयोग नाही.

काचेवर वाफ धरली तर हीटरसोबत एसी चालू करा आणि बाहेरची हवा आत घ्या. मुंबईत आतलीच हवा फिरवत ठेवायचं बटण कायम दाबलेलं असतं, ते आठवणीने सोडा.

अडकलात तर

हा भाग घरच्या सगळ्यांना वाचून दाखवा. जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, काहींच्या बाबतीत कारण थंडीपेक्षा कार्बन मोनॉक्साइड असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की हा वायू गाडीत शिरतो. त्याला वास नसतो, झोप लागते आणि जाग येत नाही. हीटर लावायचाच असेल तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ फावड्याने काढा, इंजिन दर तासाला दहाएक मिनिटंच चालवा, ज्या बाजूने वारा येत नाही तिकडची काच बोटभर उघडी ठेवा आणि सगळे एकदम झोपू नका. गाडीत एक छोटं फावडं, ब्लँकेटं, पाणी, सुका खाऊ, टॉर्च आणि भरलेली पॉवर बँक हवीच. गाडी सोडून बर्फात पायी निघू नका.

परत आल्यावर गाडी खालून धुवून घ्या, चेनही गोड्या पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि तेलाचा हात फिरवून पिशवीत ठेवा. मुंबईच्या दमट हवेत ओली चेन एका पावसाळ्यात गंजून जाते.